इंगळेंचं कापडी चाक

शहराबाहेर, वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या ओळीत, एका पत्र्याच्या दुकानात इंगळे मोटारसायकलचे अ‍ॅल्युमिनियमचे भाग चमकवून देत. कापडाच्या थरांचं जाडजूड चाक मोटरवर गरगरत असायचं. त्यावर पॉलिशची वडी घासायची आणि भाग दाबून धरायचा, एवढंच काम. मधूनच ते हातातला भाग उचलून गालाला लावत, डोळे मिटून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भारावून म्हणालो, "वा! धातूवर केवढं प्रेम!"

काळ्याकुट्ट चेहऱ्यातून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "प्रेम कायचं गा? कंबर गेली."

ही भेट माझ्याच कर्तबगारीमुळे घडली होती. ऑफिसातल्या एकाची जुनी मोटारसायकल मी हौसेनं विकत घेतली होती. (बायकोच्या मते मी ती घेतली नव्हती, त्याने वरून टाकली आणि नेमका मी खाली उभा होतो.) इंजिनाची कव्हरं कळकट दिसत होती, म्हणून मी ती प्रताप नगरातल्या आमच्या बाल्कनीत संडास धुवायच्या अ‍ॅसिडात बुडवली आणि जेवायला बसलो. हात धुऊन येतो तर फेस, धूर, शेजारच्यांच्या खिडक्या धडाधड बंद, आणि कव्हरं तव्याच्या बुडासारखी.

"कायच्यात घातलं होतं?" इंगळेंनी विचारलं. मी सांगितलं.

"चुलीत घालाचं होतं ना भाऊ. काळं तर तितकंच झालं असतं, शेजारी तरी खोकले नसते."

दारातल्या स्टुलावर माठाशेजारी त्यांची बायको, सुमनवहिनी, बसायच्या. चाकावर जाण्याआधी प्रत्येक भाग त्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून देत. दिवसभर दोघं एकमेकांवर खेकसत आणि तेवढ्यावरच दुकान चालत असावं. गिऱ्हाईक चमक बघून खूश झालं की इंगळे म्हणत, "त्याचा मळ आमच्या अंगावर आला, अन् लोकं म्हणतेत, काय चमकलं!" गिऱ्हाईक गेलं की भिंतीला टेकून, कुणालाच उद्देशून नसल्यासारखं, "हे एवढं झालं की बंद."

गालाची भानगड मला चहामुळे कळली. काचेचा ग्लास मला रुमालाशिवाय धरवेना, आणि इंगळे तो मुठीत पकडून निवांत बसलेले. मी कौतुकानं म्हणालो, "तुम्हाला चटका कसा बसत नाही हो?"

"बसत नाही, तेच तर रडनं हाय," वहिनी स्टुलावरून म्हणाल्या. "चाकाच्या थरथरीनं बोटं मेली यांची. भाग तापला तं हाताले समजत नाही, म्हनून गालाले लावून पाहतेत. डॉक्टरनं सांगतलं, चाक सोडा. पन ऐकनार कोन?"

"सोडून काय करू? दिवसभर तुह्या तोंडाकडे पाहू?"

"पाहा ना. मी काय चावते?"

यावर शहाण्या माणसानं आपली कव्हरं उचलून निघून जायला हवं होतं. मी पुढच्या आठवड्यात फूटरेस्ट घेऊन गेलो. मग ब्रेकची प्लेट. मग हँडलचे क्लॅम्प. एक भाग चमकला की शेजारचा भिकारी दिसू लागतो, त्याला मी काय करणार? "हे शेवटचं," मी म्हणायचो. "माहंही," इंगळे म्हणायचे. आम्ही दोघंही सारखेच खोटारडे.

मे महिन्यातली दुपार. ऊन असं की रस्त्यावरचे ट्रकसुद्धा दमून चालल्यासारखे. माझ्या क्लचचं कव्हर अर्धं चमकवून झालं होतं. वहिनी चहाचे ग्लास विसळायला उठून मागे गेल्या होत्या. इंगळेंनी कव्हर फिरवून धरलं आणि त्याची कड चाकात अडकली. कड खेचली जातेय हे बोटांना आधी कळतं, माणूस लगेच हात ढिला करतो. त्यांच्या बोटांनी त्यांना काही सांगितलंच नाही. कव्हर हातातून सुटलं, दाराकडे गेलं आणि माठ फुटला. रिकाम्या स्टुलाखालून पाणी रस्त्याकडे वाहू लागलं.

आणि मी, प्रताप नगरातला सुशिक्षित गृहस्थ, ओरडलो, "माझं कव्हर!"

वहिनी बाहेर आल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. तसं पाहणं फक्त माझ्या बायकोला जमतं असं मला आजवर वाटायचं. मग स्टुलाकडे, मग नवऱ्याकडे. आवाज चढवला नाही.

"आज माठ होता," त्या म्हणाल्या.

इंगळेंनी चाकाचं बटण बंद केलं. बंद केलं तरी ते जड चाक लगेच थांबेना. काहीतरी करायला हवं म्हणून मी कोपऱ्यातली लाकडाची पट्टी उचलली आणि चाकाला लावायला निघालो.

"राहू द्या भाऊ," ते म्हणाले. "उगाच आडवे नका येऊ. थांबते ते."

त्यांनी स्टूल पाण्यातून उचलून आत घेतलं, गमछ्यानं पुसलं, वहिनींना बसायला दिलं आणि स्वतः जमिनीवर टेकले. मी पट्टी हातात घेऊन तसाच उभा. चाक फिरत राहिलं, मग हळू झालं, मग कापडाचे थर वेगवेगळे दिसू लागले.

"भाऊचं कव्हर अर्धंच झालं," इंगळे म्हणाले.

"अर्धं दिसते तं दिसू द्या," वहिनी म्हणाल्या.