कायम राहणारे किती

"ए, खालीच थांब. फरशी आत्ताच पुसलीय."

तात्या माझ्या बाला म्हणाले. तात्या गावचे बागायतदार, तेव्हाचे सरपंच. त्यांच्या ओसरीवर तालुक्याहून आलेले साहेब बसले होते. रस्त्याच्या यादीसाठी वस्त्यांवरची माणसं मोजायची होती. आमची वस्ती ओढ्यापलीकडं. तालुक्याची, सोयगावची बस फक्त गावापर्यंत. बा गुडघाभर चिखल तुडवून आलेला. तसाच पायरीखाली उभा राहिला, हात जोडून.

माझे पाय स्वच्छ होते. मी रोज चपला पिशवीत घालून ओढा उतरायची, गावातल्या हापशावर पाय धुवायची आणि मगच कॉलेजच्या बसला उभी राहायची. चिखल दिसला की पोरी नाक मुरडायच्या.

"पोरगी शिकलेली हाय. ये गं वर," तात्या म्हणाले. मला खुर्ची दिली.

मी बसले. बा खाली, मी वर. आज लिहितानाही कानशिलं तापतात.

बा म्हणाला, "सायेब, दीडशेच्या वर माणसं हायेत. एकेकाचं नाव सांगतो."

तात्या हसले. "नावं सांगतोय! निम्मं वरीस घरांना कुलपं असतात ह्यांच्या."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "तू सांग. कायम राहणारे किती?"

आमची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, उन्हाळ्यात परत येतात. घर इथंच, मतदान इथंच, मरणही इथंच. हे सगळं मला ठाऊक होतं. पण बाच्या पायांची लाज वाटत होती. खुर्चीवरून उठवतील याची भीतीही. साहेबांना आवडेल असं मी बोलले.

"कायम म्हणाल तर म्हातारी माणसं. वीसेक."

साहेबांनी लिहून घेतलं. बानं वर पाहिलं. परत जाताना ओढ्यात त्यानं नेहमीसारखा माझा हात धरला. त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

रस्ता झाला. ओढ्याअलीकडं, तात्यांच्या विहिरीपर्यंत. वीस माणसांसाठी पूल मंजूर होत नाही, असं उत्तर आलं. धाकटी बहीण तेव्हा आठवीत. पावसाळाभर ओढा भरलेला, शाळेत गैरहजेरी, शेवटी नाव कमी झालं. पुढच्या दिवाळीनंतर तिच्या हातात कोयता आला. माझ्याहून हुशार होती ती.

गेल्या साली सरपंचपद राखीव झालं. तात्यांनीच मला उभं केलं. शिकलेली, गप्प बसणारी, सांगेल तिथं सही करणारी. आणि केल्याही मी, वर्षभर. परवा शिपाई ठरावाची वही घेऊन घरी आला. रस्त्यांची नवी यादी होती.

"ताई, इथं सही करा. तात्यांना घाई हाय."

मी वाचलं. आमच्या वस्तीपुढं लिहिलं होतं: कायम राहणारे, वीस. मोजायला कुणी आलंच नव्हतं. माझंच तेव्हाचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं.

वही घेऊन तशीच पंचायतीत गेले. माझ्या खुर्चीत तात्या बसले होते. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "हा आकडा मी दिला होता. खोटा आहे. बापाची लाज वाटली म्हणून दिला."

"वस्ती समदी तोडीला गेलीय," तात्या म्हणाले. "आता कुणाला मोजून दावणार, कुत्र्यांना?"

काही जण हसले. मी सही न करता वही बंद केली.

घरी येऊन बहिणीला फोन लावला. ती उसाच्या फडात होती. म्हणाले, "तुझी शाळा माझ्यामुळं सुटली."

ती म्हणाली, "ठावं हाय मला. बानं तवाच सांगितलं व्हतं. समद्यांना ठावं हाय."

सगळ्या वस्तीला माहीत होतं. इतकी वर्षं. तरी त्यांनी मला मतं दिली.

ठराव अडलाय. यादीत गावाचीही कामं आहेत, म्हणून लोक दारात येऊन शिव्या घालतात. अविश्वास आणू म्हणतात. आणा. हंगाम संपून माणसं परतली की साहेबांनी ओढा उतरून वस्तीत यायचं. दारोदार फिरायचं. तान्ह्या पोरापासून मोजायचं. तोवर माझी सही मिळणार नाही.