चांगू पेंटरची बाराखडी

महाडजवळच्या नाते गावातल्या चांगू पेंटरचा माणसांवर विश्वास नव्हता, आणि हे तो कुणालाही तोंडावर सांगायचा. एसटीचं तिकीट उजेडात धरून वाचल्याशिवाय तो खिशात घालत नसे. घरी येऊन कोणी फार गोड बोललं की बायकोला, चंद्राबाईला, डोळ्याने खूण करून तो चहा लांबवायला लावी.

त्याला कारण होतं. महाडपासून पोलादपूरपर्यंतच्या दुकानांच्या पाट्या त्याने तीस वर्षं रंगवल्या. बिरवाडीतली किराणा दुकानं, सलूनं, पिठाच्या गिरण्या, औद्योगिक वसाहतीतल्या भिंतींवरचे ‘धोका’, सगळं त्याच्या हातचं. खडू लावलेलं सूत ताणून भिंतीवर एकदा मारलं, की त्या रेघेखाली तो पेन्सिलीशिवाय, थेट ब्रशने अक्षर काढी. तांबडं अक्षर आणि त्याला निळी सावली. मग फ्लेक्स आले. एका फ्लेक्सवाल्याने त्याच्याकडून चार ओळी नमुन्याला म्हणून कागदावर लिहून घेतल्या, आणि पुढच्याच महिन्यात कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चांगूला आपलाच ‘श्री’ दिसला, त्या नमुन्यातून उचललेला. जाब विचारायला गेला तर त्या गृहस्थाने ओळखसुद्धा दाखवली नाही. तेव्हापासून चांगूने कागदावर अक्षर देणं बंद केलं. भिंत कोणी उचलून नेत नाही, असं त्याचं म्हणणं.

म्हणून गेल्या दिवाळीनंतर श्रुतिका त्याच्या पडवीत येऊन बसली, तेव्हा त्याने आधी तिच्या चपला बघितल्या, मग पिशवी, आणि मग तिला. महाडच्या एका मास्तरांची ती मुलगी, वेबसाइट बनवण्याचं काम करणारी. बिरवाडीच्या ‘उज्ज्वला मसाले’वाल्यांना वेबसाइट हवी होती, आणि तिच्यावर जुन्या पाट्यांसारखी अक्षरं. हल्ली रेट्रो चालतं, ती म्हणाली. तिने मोबाइल पुढे केला. त्यात चांगूच्या पाट्यांचे अकरा फोटो होते. दुसरा कोणी असता तर हरखून गेला असता. चांगूच्या मनात पाल चुकचुकली. न विचारता कोणी दुसऱ्याच्या पाट्यांचे फोटो काढत हिंडतं का?

तिला पांढऱ्या कागदावर सगळी अक्षरं हवी होती, एकेक सुटं, काळ्या शाईत. सावली नको, ती कॉम्प्युटरवर घालता येते. ही अक्षरं एकदा आत गेली की बटणं दाबून कुठलाही शब्द काकांच्या हातचा उमटेल, असं तिने उत्साहाने समजावलं.

“म्हंजे मंग मी कशाला लागनार?” चांगूने विचारलं.

ती हसली आणि म्हणाली की तुमच्याशिवाय अक्षरं येणार कुठून. प्रश्नाचं उत्तर तिने दिलं नाही, हे चांगूने मनात टिपून ठेवलं. पण तो हो म्हणाला. चंद्राबाईला नवल वाटलं.

आठ दिवस तो दार लोटून कागदावर वाकला होता. चंद्राबाईने डोकावलं तेव्हा त्याने तिला जवळ बोलावलं.

“देतो तिला बाराखडी,” तो हळूच म्हणाला. “पन माझी नाय.”

सूत न मारता, रेघ न आखता तो अक्षरं काढत सुटला होता. ‘क’चं पोट सुटलेलं, ‘म’ ताडी पिऊन आल्यासारखा कललेला, उभ्या रेघा कमरेत मोडलेल्या. एवढी मजा त्याला बऱ्याच वर्षांत आली नव्हती. पोरगी चांगल्या घरची दिसते, असं चंद्राबाई म्हणाली. त्यावर चांगूने नुसतं नाक मुरडलं, चांगल्या घरच्यांना कोणी जाब विचारत नाही म्हणूनच त्यांचं फावतं, असं त्याचं मत होतं.

श्रुतिकाने कागद घेतला, बराच वेळ बघितला, आणि वाकून नमस्कार केला. चांगूला त्या नमस्काराचाही संशय आला.

दोन महिन्यांनी ती लॅपटॉप घेऊन आली. वर ‘उज्ज्वला मसाले’, त्याच फताड्या अक्षरांत, निळ्या सावलीसकट. कशी हातावर तुरी दिली, असं मनात म्हणत चांगू मिशीत हसत होता. तिने पान खाली सरकवलं. तळाशी लिहिलं होतं: ‘अक्षरं: चांगू पेंटर, नाते.’

चांगूचं हसू मावळलं. जन्मभर त्याने लोकांची नावं रंगवली, त्याचं नाव कोणी कुठे लिहिलं नव्हतं. आता लिहिलं होतं, आणि ते त्याच्या सगळ्यांत वाईट अक्षरांखाली, साऱ्या जगाला दिसेल असं.

“नाव काढ ते, बाय.”

श्रुतिकाला वाटलं काका संकोचतात. लोकांना ही अक्षरं फार आवडलीत, ती म्हणाली. मग जपून बोलली. “पाट्यांवरच्या अक्षरांत आणि यांत फरक आहे, तो मला दिसला, काका. वयानं हात थरथरतो, त्यात लपवण्यासारखं काय आहे? म्हणून मी एकही रेघ सरळ केली नाही. होती तशीच ठेवली.”

चोर म्हटलं असतं तरी चांगूला एवढं लागलं नसतं. “हात थरथरत नाय माझा,” तो म्हणाला. “मुद्दाम काढली मी तशी. तू चोरशील म्हनून.”

श्रुतिकाचा चेहरा उतरला. चंद्राबाईने मान खाली घातली. चांगूला स्वतःची लाज वाटली, पण लाजेपेक्षा राग मोठा होता. त्याने आतून रंगाचा डबा आणला, सुताचं एक टोक चंद्राबाईच्या हाती दिलं आणि पडवीच्या पांढऱ्या भिंतीवर रेघ मारली. श्रुतिकाला म्हणाला, बघ आता.

त्याने ‘अ’ काढायला घेतला. गोलाई झकास उतरली. मग उभी रेघ. मध्यावर ब्रश हलला आणि रेघ कमरेत मोडली, कागदावर मोडली होती तशीच. ब्रश जुना आहे, असं पुटपुटून त्याने श्वास रोखून शेजारी दुसरा ‘अ’ काढला. तोही तिथेच मोडला. शेवटची पाटी रंगवून सात वर्षं झाली होती. त्या आठ दिवसांतली किती अक्षरं आपण मुद्दाम बिघडवली आणि किती आपोआप बिघडली, ते त्याला आता सांगता येईना.

श्रुतिका भिंतीकडे बघत नव्हती. तिने लॅपटॉप मांडीवर ओढला.

“नाव काढू का, काका?”

चांगूने चिंध्यांत ब्रश पुसला, पुन्हा पुसला.

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “माझीच हायत ती.”