दोन कथा आणि धाकटी

भाषेच्या बाईंचा एक तास साऱ्या शाळेत गाजलेला होता. पुस्तकातल्या दोन कथा त्या एकदम शिकवत. पहिलीत एक मुलगा बापाशी भांडून घर सोडतो, बोटीवर खलाशी होतो आणि मिशा फुटल्यावर परत येतो. दुसरीत आई गेल्यावर एक मुलगी शाळा सोडते आणि घर सांभाळू लागते. दोन्ही कथा मोठं होण्याच्या. बाई फळ्याच्या मधोमध रेघ मारत. मुलाचा रकाना भरून वाहायचा: धाडस, चूक, पश्चात्ताप, शहाणपण. मुलीच्या रकान्यात एकच ओळ. "ही मोठी होत नाही, मुलांनो. हिचं नुसतं वय वाढतं."

मुलं परीक्षेत ते वाक्य जसंच्या तसं उतरवायची.

हा तास बाई आदल्या संध्याकाळी घरी मोठ्याने म्हणून बघत. पलीकडच्या खोलीत धाकटी बहीण शिलाई मशीनवर बसलेली असे. वडिलांना अर्धांगवायू झाला, तेव्हा दोघींपैकी एकीला शाळा सोडावी लागणार होती. बाई हुशार, म्हणून धाकटी घरी बसली. वडिलांचं सगळं अंथरुणात, आईला दमा, वर लोकांच्या सदऱ्यांची काजं-बटणं. पुढे आईवडील गेले, दोघींची लग्नं राहून गेली. भांडण मात्र कधी नाही. धाकटी म्हणायची, "ताई बोलते, मी ऐकते. भांडायचं कुणी?"

बाई निवृत्त झाल्या त्याच सुमारास धाकटीची नजर गेली. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. सुईत दोरा ओवता येत नाही, असं ती कधीपासून सांगत होती. बाईंनी ते हसण्यावारी नेलं होतं.

मग दुपारी बाई तिला वाचून दाखवू लागल्या. एकदा धाकटी म्हणाली, "त्या दोन कथा वाच ना. तू शिकवायचीस त्या."

"तुला गं काय ठाऊक?"

"भिंतीला कान असतात म्हणे. आपली भिंत तर फळ्यांची!"

बाईंनी पहिली वाचली. मुलगा परत आला, दार उघडलं, खाटेवरच्या बापाने हात पसरले.

"दार कुणी उघडलं?" धाकटीने विचारलं.

बाईंनी पान पुन्हा पाहिलं. "लिहिलेलं नाही. असेल कुणी बहीणबिहीण."

"असेल. वाच पुढची."

दुसरी वाचता वाचता बाई मध्येच थांबल्या. पुस्तक मिटून त्या म्हणाल्या, "वर्गात मी काय सांगायचे, तेही ऐकलंयस ना?"

"दर वर्षी."

"मग बोलली का नाहीस?"

"शिकलेली तू. मला वाटायचं, तसंच असेल."

ती चिडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. पण तिच्या आवाजात राग नव्हताच.

त्याच आठवड्यात बाई शाळेत गेल्या. "एक तास द्या मला. त्या दोन कथा पुन्हा शिकवायच्यात." नवी शिक्षिका त्यांचीच विद्यार्थिनी. तिने खुर्ची पुढे केली. "बाई, पुस्तक बदललं. त्या कथा गेल्या. पण तुमचं ते वाक्य मी अजून मुलांना सांगते."

"ते चुकीचं होतं."

बाई थट्टा करताहेत असं वाटून ती हसली आणि घंटा होताच वर्गावर गेली.

धाकटी त्यानंतर काही वर्षं होती. बाई स्वयंपाक शिकल्या. कधी करपायचं, कधी मीठ राहायचं. धाकटी मुकाट जेवायची. एकदा नीट माफी मागावी, असं बाई कितीदा तरी ठरवत आणि घसा खाकरत. तेवढ्यात धाकटीच म्हणायची, "वाच काहीतरी, ताई." आणि बाई वाचायला घेत.