मिश्रीच्या जागी लोकर

शालनला मिश्रीची सवय लागली ती लग्न होऊन भाजे गावात आली त्या वर्षी. सासू तव्यावर तंबाखू भाजायची, चुरून डबीत भरायची आणि सुनेच्या तळहातावरही चिमूटभर ठेवायची. तेव्हापासून सकाळी उठल्यावर मिश्री, भाकऱ्या झाल्यावर मिश्री, शेतातून आल्यावर मिश्री. सासू गेली, मुलगा ओंकार मोठा झाला, सून आली, घरामागच्या दोन खोल्या लेणी आणि लोहगड बघायला येणाऱ्यांना शनिवार-रविवार भाड्यानं जाऊ लागल्या, पण कमरेची डबी काही हलली नाही.

यंदा भात झोडून झालं आणि शालनच्या तोंडाला तिखट सोसेना. पिठल्याचा घास घेतला तरी गालाच्या आतून आग. सून सविता लोणावळ्याची, धीट पोरगी. तिनं मोबाईलचा उजेड पाडून सासूच्या तोंडात बघितलं आणि मोबाईल खाली ठेवला.

"काय हाय?" शालननं विचारलं.

"पांढरा चट्टा आहे, आई. उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

लोणावळ्याच्या डॉक्टरांनी चट्टा बघितला, हिरड्या बघितल्या आणि बोटं बघितली. "मावशी, मिश्री आजपासून बंद. कमी नाही, बंद. चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतो. रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतील."

"आन् रिपोर्टात काय येईल?"

"ते आल्यावर बघू."

घरी येताना शालननं डबी सविताच्या हातात दिली. द्यायला सोपं गेलं. अवघड झालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. डोकं जड झालं, पोट साफ होईना, भाकरी थापताना हात मध्येच थांबून कमरेकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. ती अंगणात जायची आणि कशाला आलो ते विसरायची. कोंबड्यांवर ओरडायची. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. नवऱ्यानं, महिपतीनं, पाणी मागितलं तरी तिला राग यायचा, न मागता स्वतः घेतलं तरी यायचा. महिपती मुळातच कमी बोलणारा. या दिवसांत तर तो तिच्याकडे बघायचाही नाही. चट्ट्याबद्दल एक शब्द त्यानं विचारला नव्हता, आणि ते शालनच्या मनात रुतून बसलं होतं.

सविताला हे सगळं दिसत होतं. तिच्या आईचं घर म्हणजे लोकरीचं दुकानच. दाराला विणलेलं तोरण, टीव्हीवर विणलेला रुमाल. एका दुपारी तिनं क्रोशाची सुई आणि गुलाबी लोकरीचा गुंडा सासूपुढं ठेवला.

"आई, हात रिकामे ठेवू नका. हे करून बघा."

"ही रिकामटेकड्या बायकांची कामं."

"तुमचे हातच रिकामे झालेत ना?"

शालननं सुई घेतली. सवितानं साखळी घालायला शिकवली, मग त्या साखळीवर उभे टाके, म्हणजे खांब. शालनची पहिली साखळी इतकी आवळली की सुई आत शिरेना.

"जरा सैल, आई. गुरांचं दावं नाही वळायचं."

उसवली, पुन्हा घातली. पुन्हा आवळली. विणकामानं मन शांत होतं असं सविता म्हणाली होती, पण शालनला तसलं काही झालं नाही. ती भांडल्यासारखी विणायची. सुई खुपसायची, धागा ओढायची, ओठ दाबून पुढचा खांब. मिश्रीची तलफ आली की वेग वाढायचा. रिपोर्टाचा विचार आला की आणखी वाढायचा. एवढंच खरं, की दोन्ही हात गुंतलेले असताना बोट तोंडाकडे जात नव्हतं. चुलीवर डाळ उकळतेय आणि ही उंबऱ्यात बसून विणतेय, पाहुण्यांना ताटं वाढून झाली की पदरानं हात पुसून पुन्हा विणतेय, असं चाललं.

काय विणतेय ते तिनं ठरवलंच नव्हतं. गुलाबी संपली तशी पाहुण्यांच्या विसरलेल्या वस्तूंची पिशवी तिनं बाहेर काढली. त्यात दोन मफलर होते, एक माकडटोपी, लहान पोराचा पिवळा स्वेटर. सगळं तिनं उसवलं. पट्टी वाढत वाढत मांडीवरून जमिनीला टेकली. कुठं टाके जास्त पडले, कुठं गळाले, त्यामुळं एक कड आत गेलेली आणि दुसरी झालरीसारखी लहरलेली.

"पांघरूण होतंय की," सविता म्हणाली.

"होईल तवा होईल," शालन म्हणाली. मान वर न करता.

मग एका रविवारी लोकर संपली. ओंकार आणि सविता लोणावळ्याला सविताच्या आईकडे गेले होते, महिपती खळ्यावर पेंढा रचत होता. पाहुणे सकाळीच गेले. घरात कुणी नाही, हातात काही नाही. शालननं पिशवी उलटी करून झटकली. फडताळ बघितलं. मग लोखंडी पेटी उघडली, आणि तळाशी महिपतीचा हिरवा स्वेटर दिसला.

हा स्वेटर त्याच्या थोरल्या बहिणीनं, वडिवळ्याच्या कस्तुराबाईनं, विणलेला होता. महिपती तरुणपणी घाटात बोगद्याच्या कामावर गेला होता, रात्रपाळीला थंडी वाजते म्हणून अक्कानं करून दिला. आता तो पोटावर बसत नव्हता, कोपरं विरली होती. पण दरवर्षी दिवाळीआधी महिपती तो स्वतः उन्हात टाकायचा आणि स्वतः घडी घालून ठेवायचा.

शालनला हे सगळं ठाऊक होतं. तिनं स्वतःला सांगितलं, एका बाहीचीच घेते, तसंही कोपर फाटलंय. शिवण कापली, टोक शोधलं आणि ओढलं. लोकर सरसर सुटत आली. ओळीमागून ओळ, न अडकता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोक्यातला गोंगाट थांबला. एक बाही झाली, दुसरी झाली, पाठ झाली. थांबायला हवं हे तिला कळत होतं, पण हात ऐकत नव्हते. महिपती दारात आला तेव्हा गळ्याची पट्टी तेवढी उरली होती.

त्यानं कुरळ्या लोकरीचा ढीग बघितला. वाकून गळ्याची पट्टी उचलली.

"हे अक्कानं केल्यालं."

"व्हय."

त्यानं पट्टी खिशात घातली आणि तो गोठ्याकडे गेला. जेवायला आला तो भाकरी मोडून ताटातच ठेवून उठला. ओरडला असता, ताट आपटलं असतं तर शालनला बरं वाटलं असतं. तिला उलट काहीतरी बोलता आलं असतं.

सकाळी उठून ती तडक गावातल्या टपरीवर गेली आणि मिश्रीची पुडी घेतली. लेण्यांच्या वाटेवर झाडाआड उभी राहून तिनं बोटावर घेऊन दातांना लावली. चट्ट्यावर अशी आग पडली की डोळ्यांतून पाणी आलं. आग होतेय म्हणून थुंकली की भीती वाटली म्हणून, तिचं तिलाच कळलं नाही. उरलेली पुडी तिनं मातीत तुडवली. घरी जावंसं वाटेना. तरी गेली, हिरव्या लोकरीचे गुंडे आणि ते अर्धंमुर्धं पांघरूण पिशवीत भरलं आणि कुणाला न सांगता मळवलीच्या स्टेशनवर आली. तिथून कामशेत, आणि कामशेतहून वडापची जीप धरून वडिवळं.

कस्तुराबाई ओसरीवर वाल सोलत बसली होती. भावजय अशी एकाएकी आलेली बघून तिनं सूप बाजूला सारलं.

शालन बसलीही नाही. पिशवी तिच्यापुढं ओतली. "वन्सं, तुमचा स्वेटर म्या उसवला. ह्यांनी जपून ठिवल्याला."

कस्तुराबाईनं एक गुंडा उचलून हातात फिरवला. "अजून व्हता व्हय हा? बाई गं. किती वंगाळ झालता तो. येक बाही लांब, येक आखूड. म्या सोता तीनदा उसवलाता. पहिल्या बारीला तर गळ्यातनं डोस्कंच जाईना त्याचं."

"ते बोलत न्हाईत माज्याशी."

"स्वेटरपायी?"

"मंग आनि कशापायी?"

कस्तुराबाईनं तिला हाताला धरून खाली बसवलं. "शालन, गेल्या आठवड्यात त्याचा फोन आलता. 'अक्का, हिच्या तोंडात कायतरी निगालंय,' येवढं बोलला. पुढं नुसता श्वास ऐकू येतोय. म्या इचारतीया, डाक्टर काय म्हनला, तर त्याला बोलायलाच येईना. शेवटी म्याच ठिवला फोन."

शालन बघतच राहिली. शेजारी असलेल्या बायकोला जे विचारता आलं नाही ते ह्यानं एवढ्या लांब कळवलं होतं. तिला रडू येईल असं वाटलं, पण आधी रागच आला.

"मला का न्हाई बोलले?"

"तुला बोलला आसता तर तू घाबरली आसतीस, आसं त्याला वाटलं आसल. घाबरलाय त्योच." कस्तुराबाई उठली. "थांब, लुगडं बदलते. मी येते संगं."

संध्याकाळी दोघी भाज्यात उतरल्या. महिपती दारातच उभा होता. बायको कुठं गेली म्हणून गावभर विचारून आला होता. बहिणीला बघून त्याचा चेहरा सैल पडला.

"स्वेटरचं काय घेऊन बसलास?" कस्तुराबाई म्हणाली. "बायकूशी बोल की."

तो त्यांची पिशवी घेऊन आत गेला. पण दुसऱ्या दिवशी अक्कानं स्वेटर पुन्हा विणायला लांब सुया मागितल्या, आणि घरात सुया कुठल्या? तेव्हा त्यानं ओंकारच्या मोडक्या सायकलीच्या तारा काढल्या आणि अंगणातल्या दगडावर त्यांची टोकं घासत बसला. बराच वेळ घासत होता. मध्येच, वर न बघता, त्यानं विचारलं, "दुखतंय का गं तोंड?"

"तिखटानं आग होती," शालन म्हणाली.

"मंग बिनतिखटाचं कर ना. आमी बी खाऊ."

कस्तुराबाईनं शालनला सुलट-उलट टाके दाखवले. पण जुनी लोकर कुजल्यासारखी झाली होती, चार ओळी झाल्या की तुटायची. गाठी मारून मारून वैतागल्यावर महिपतीच म्हणाला, "ऱ्हाऊ दे. त्या पांगरुनात घाल." मग शालननं जुन्या लोकरीला दुसरा धागा जोडून क्रोशानं हिरवा पट्टा घातला. तो इतर पट्ट्यांपेक्षा जाड झाला आणि पांघरूण त्या बाजूला आणखीच वाकडं झालं.

रिपोर्टाच्या दिवशी महिपती तिच्याबरोबर लोणावळ्याला आला. डॉक्टरांनी कागद वाचला. "कॅन्सर नाही. पण हा चट्टा पुढं बिघडू शकतो. दर तीन महिन्यांनी दाखवायचं, आणि मिश्री परत लावायची नाही."

"म्हंजी बरं का वाईट?" शालननं विचारलं.

"आत्ता बरं."

आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण जिना उतरेपर्यंतच. मग तो 'आत्ता' शब्द टोचायला लागला. तीन महिने म्हणजे केवढे, आणि त्यानंतर पुन्हा तीन. बाजारातून चालताना चिक्कीच्या दुकानांपुढं पर्यटकांची झुंबड होती, तिला त्यातलं काही दिसत नव्हतं. तिचा अंगठा, मिश्री चोळावी तसा, पहिल्या बोटावर घासत होता. महिपतीनं ते पाहिलं. एका दुकानापुढं तो थांबला आणि आत जाऊन नारिंगी लोकरीचे गुंडे घेऊन आला. रंग असा भडक की लांबून डोळ्यात भरावा.

"आसला रंग कुटं आसतो का?" ती म्हणाली.

"त्येच्याकडं लय व्हते. मला ह्यो दिसला."

स्टेशनवर गाडीला वेळ होता. बाकड्यावर बसून शालननं नव्या लोकरीची साखळी घालायला घेतली. गुंडा मांडीवरून घरंगळला, महिपतीनं उचलून स्वतःच्या हातात धरला आणि ती ओढेल तसा फिरवत राहिला. शेजारची दोन कॉलेजची पोरं बघत होती. त्यानं बघू दिलं. गाडी आली तेव्हा ओळ निम्म्यावर होती. शालन थांबली नाही आणि त्यानंही थांब म्हटलं नाही. पुढं ती सुई घेऊन, मागं तो गुंडा घेऊन, मधे नारिंगी धागा, अशी दोघं डब्यात चढली.