मोर्चा आणि टॅपेट

चिंचपोकळीचे आमचे मेकॅनिक लाकडी दांडा कानाला लावून इंजिन ऐकत आणि तोवर कोणाला खोकूही देत नसत. मला त्यांचा धाकच वाटे. आमच्या गाडीचं इंजिन त्यांनी नव्याने बांधलं, तरी झडप उघडणारं टॅपेट टकटकत होतं. आज आवाज गेला नाही तर गाडी दुसऱ्याकडे नेतो, असं बाबांनी बजावलं. मेकॅनिकनी दांडा लावला, तोच संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा घोषणा देत आला. ते मोर्चाला आडवे गेले.

"गप रे जरा! टॅपेट ऐकतोय!"

अख्खा मोर्चा गप्प झाला. त्यांनी परत येऊन दांडा लावला आणि टॅपेटचा स्क्रू किंचित फिरवला.

"साहेब, गेला काय आवाज?" झेंडेवाल्याने बाबांना विचारलं.

"गेला," बाबा पुटपुटले.

"झालाच पाहिजे!" मोर्चा गरजला, जणू घोषणा बाबांनीच दिली होती.

बाबा घाईने गाडीत शिरले. त्यांची नोकरी सरकारी होती.