आखूड तेगा

समुद्र आमच्या गावापासून इतका लांब, की तो खरंच आहे की भूगोलवाल्यांनी उगाच उठवलेली आवई आहे, अशी शंका घेणारे लोक गावात होते. तरी त्या साली आमच्या मंडळानं आरमाराचं नाटक घेतलं. टीव्ही अजून गावात यायचा होता. धान घरात आलं आणि वावरात लाखोळीचं कडधान्य वाढीला लागलं की नाटक, एवढीच काय ती आमची चैन.

मला सेनापतीचं काम मिळालं. चाच्यांचा सरदार झाले होते गावातले एक जुने नट. जन्मभर खलनायक केलेले. मरावं तर त्यांनीच! एकदा कोसळले की अर्ध्या गावाला रडवूनच डोळे मिटायचे. आणि माझा जीव जडला होता नेमका त्यांच्या मुलीवर.

तिलाही मी पसंत होतो. मामाला मध्ये घालून तिच्या वडिलांना विचारलं, तर उत्तर आलं, "पोरगा बल्लारपूरले मिलमंधी हाय, चांगला हाय. पण नाटक्याले मी पोरगी देत नाई. नाटक्ये कसे रायतेत मले मालूम हाय, मी सोता नाटक्या हावो."

आता बोला! मी तिला म्हणालो, नाटक सोडतो. तर ती फणकारली, "सोडून तर पाय! मंग मीच नाई करत लगन." बाप तसा, लेक तशी. मी मधल्यामधे भरडलो.

त्यात तलवारींचा घोळ. वडशाहून भाड्यानं आलेल्या तलवारी लांबलचक निघाल्या आणि नाटक बसवणारे मास्तर अडून बसले. जहाजावर दोरखंडांच्या गर्दीत लांब पातं चालत नाही म्हणे. खलाशाची तलवार आखूड आणि वाकडी, जुन्या भाषेत तेगा. मग सुताराकडून सागाचे तेगे करून घेतले, वरून बेगड चिकटवली. गाव हसलं, "हे तं इळे होत! लढाईले चालले का धान कापाले?"

लांब तलवारीची सोय ही, की चार हातांवरून माणूस मारता येतो. तेग्याला पार छातीला छाती भिडवावी लागते. शिवाय आमच्याकडे माइक एकच, मंचाच्या मधोमध वरून लोंबणारा. ज्याला मरायचं असेल त्यानं त्याच्याखाली येऊनच मरायचं, नाहीतर मागच्यांना कण्हणं ऐकू जात नाही.

रात्रभर चाललेल्या नाटकाचा शेवटचा अंक सुरू झाला तेव्हा फटफटलं होतं. लोक शेकोट्या सोडून पुढे सरकले. लढत लढत आम्ही दोघे माइकखाली आलो आणि माझं अवसानच गळालं. ज्यांच्या होकारावाचून माझं लग्न अडलंय, त्यांच्याच बरगडीत सागाचं टोक खुपसायचं, ही काय चेष्टा आहे? तेगा त्यांच्या काखेजवळ येऊन अडला. ते मरायला तयार, मी मारायला नाही. शेवटी त्यांनीच मला कवटाळलं आणि कानात कुजबुजले,

"मार न बे जवाई! तुहा हात काऊन अडून राह्यला?"

कानात म्हणजे कसलं कानात! भोंग्यांनी ते वाक्य नदीपलीकडच्या गावापर्यंत पोचवलं. मैदानात जी शिट्ट्यांची राळ उडाली! त्यांचं मन कधी पालटलं, देव जाणे. मला इतका आनंद झाला की आरमाराचा सेनापती भर युद्धात रडायला लागला. मास्तर विंगेतून दात-ओठ खात होते, "मार, मार!" मी एकदाचं मारलं. ते धाडकन कोसळले, डोळे मिटले.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं त्यांची बायको उभी राहिली.

"अजी, मरू नका! आधी तारीख सांगा, मंग मरा!"

सरदार उठून बसले. पागोटं सारखं केलं, तोंड माइककडे केलं.

"वावरातली लाखोळी निघू द्या," म्हणाले, आणि पुन्हा मेले.