आमच्या कॅथ लॅबचं एकुलतं एक टेबल

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. केस संपते, शिशाचा तो जडशीळ एप्रन उतरवला जातो, पाठ मोकळी होते आणि चहा ओतता ओतता कुणीतरी म्हणतं, "अगं, तो पेशंट आठवतो का?" मग एकातून दुसरा निघत राहतो आणि चहा गार होतो. माझ्याकडे असे इतके साठलेत की नवरा म्हणतो, आता घरी तरी माणसासारखं बोल.

नवी मुंबईत आमचं ट्रस्टचं एक छोटं हॉस्पिटल आहे. हार्ट अटॅक आलेल्या माणसाच्या मनगटातून बारीक नळी घालायची, एक्स-रेच्या पडद्यावर बघत ती हृदयापर्यंत न्यायची, बंद पडलेली नस फुग्याने उघडायची आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून स्टेंट बसवायचा. हे काम जिथे चालतं ती कॅथ लॅब. मोठ्या हॉस्पिटलांत अशा दोन-तीन लॅब असतात. आमच्याकडे एक लॅब, एक टेबल, एक मशीन. डॉक्टर ढोके नळी घालतात, मंगल सिस्टर सगळ्यांना ओरडतात आणि मी, टेक्निशियन, मशीनची मनधरणी करते.

* * *

मनधरणी हा शब्द उगाच नाही वापरला. मशीन जुनं आहे. लागोपाठ दोन केस झाल्या की तापतं आणि नेमकं नको तेव्हा पडद्यावर लाल अक्षरं दाखवून थांबतं. पेशंट जागाच असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. फक्त मनगट बधिर केलेलं असतं, बाकी तो सगळं ऐकतो.

एकदा टेबलावर मार्केटमधले एक माथाडी होते, मूळचे पाटणकडचे. पोती वाहून खांदे असे झालेले की आमचं टेबल अरुंद पडलं. नळी आत गेली आणि फुगा फुगवायच्या आधीच मशीन थांबलं. नळीतून आत सरकवायची बारीक वायर हातात धरून डॉक्टर उभे, मला दरदरून घाम. डॉक्टर जमेल तितक्या शांतपणे म्हणाले, "काका, मशीन तापलंय. दोन मिनिटं थांबू या."

काका छताकडे बघत म्हणाले, "बसू द्या की त्याला जरा. आमी बी धा पोती टाकली की बसतो."

दोन मिनिटांनी मशीन सुरू झालं, काकांची नसही उघडली. तेव्हापासून मशीन थांबलं की डॉक्टर माझ्यावर डाफरत नाहीत. "बसू दे त्याला," एवढंच म्हणतात.

* * *

करावे गावचे एक आजोबा आले होते. उभा जन्म खाडीत होडी घालून मासेमारी केलेला माणूस. टेबलावर पडल्या पडल्या मान वळवून पडदा बघत होते. डॉक्टरांची वायर तीनदा भलत्याच फाट्यात शिरली. चौथ्यांदा तिकडेच निघाली तेव्हा आजोबा बोलले, "डाक्टर, तिकरं नको घालू. तिकरं पानी नाय. मधून ने."

मंगल सिस्टरनी डोळे वटारले. डॉक्टरांनी मधून नेली आणि वायर गेली!

नंतर डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, तुम्हाला कसं कळलं?"

"ती काली शाई सोरलीस ना, ती तिकरं जाऊन थांबली. पानी थांबतं तिकरं होडी रुतते." शाई म्हणजे नसा दिसाव्यात म्हणून आम्ही सोडतो ते औषध. पडद्यावर ते काळं दिसतं. डॉक्टर घरी जाताना मला म्हणाले, "शिकायला दहा वर्षं घालवली गं मी हे."

* * *

सानपाड्याच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींना सकाळी सातला छातीत दुखायला लागलं आणि ते साडेदहाला आमच्याकडे पोचले. घर किती लांब? रिक्षाने दहा मिनिटं. मधल्या वेळात त्यांनी सोडा प्यायला, ओवा खाल्ला, दाढी केली, आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि खाली येऊन जनरल मीटिंगची नोटीस बोर्डावर लावली. "ती आजच लावायची होती," ते ऐटीत म्हणाले. ईसीजी बघून डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मंगल सिस्टर शर्टाची बटणं सोडवता सोडवता म्हणाल्या, "हृदयाचा तुकडा मेला की परत येत नाही, काका. आणि आत आम्ही तुमची इस्त्री बघत नाही."

ते वाचले, पण हृदय थोडं अधू झालं. आता जिना चढताना दम लागतो. घरी गेल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे बोर्डावर नवी नोटीस लावली: "छातीत दुखत असल्यास सर्व सभासदांनी आंघोळ न करता तात्काळ हॉस्पिटलात जावे. आदेशावरून, सेक्रेटरी."

आम्ही खूप हसलो. दोन महिन्यांनी त्याच सोसायटीतले एक गृहस्थ लुंगीवर, खांद्यावर टॉवेल, तोंडाला टूथपेस्ट, अशा अवतारात दारात उभे. ओशाळून म्हणाले, "सॉरी हं, नोटीस वाचली होती." त्यांच्या हृदयाला जवळजवळ काहीच धक्का लागला नाही.

* * *

साताऱ्याकडच्या मंडळींची एक रीत आहे. सही पोरगा करतो, पण निर्णय गावाकडचे चुलते घेतात. असाच एक मुलगा फॉर्म हातात धरून उभा होता. वडील आत टेबलावर, आणि चुलते रानात. फोन लागता लागेना. शेवटी लागला. चुलत्यांचा पहिला प्रश्न, "डॉक्टर कुठलं हायत?"

डॉक्टर ढोके पक्के अकोल्याचे. मंगल सिस्टर फलटणच्या. त्यांनी पोराच्या हातातला फोन ओढून घेतला. "आपल्या कोरेगावचं हायत, काका. लगेच हो म्हणा."

"मग टाक रं सही."

पाच दिवसांनी चुलते स्वतः कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊन हजर. डॉक्टरांसमोर बसले. "कोरेगावात कुनाचं तुमी?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी सिस्टरकडे, सिस्टर भिंतीकडे. डॉक्टर म्हणाले, "लहानपण जरा बाहेर गेलं माझं."

चुलते हसले. "ऱ्हाऊ द्या. मला फोनवरच कळलं हुतं, बाई थापा मारत्यात. पन आवाजावरनं ह्येबी कळलं, का त्यास्नी घाई हाय. म्हनून म्हनलं, टाक सही."

पेढे मात्र सगळ्यांत आधी मंगल सिस्टरना मिळाले.

* * *

आता मोऱ्यांचं सांगते.

मोरे तळोज्याच्या एका कारखान्यात कामाला. अटॅक आला तेव्हा जवळच्या नर्सिंग होममध्ये रक्ताची गाठ विरघळायचं इंजेक्शन देऊन त्यांना वाचवलं होतं. पण नस जेमतेम उघडी होती, स्टेंट लवकर बसणं भाग होतं. आमच्या टेबलावर ते तिसऱ्यांदा आले होते. पहिल्यांदा मशीन बंद पडलं, दुसऱ्यांदा मध्येच इमर्जन्सी आली. दोन्ही वेळा माणूस उपाशी राहून परत वॉर्डात गेला. त्या दिवशीही रात्रीपासून पोटात काही नव्हतं. मनगट औषधाने रंगवून झालं होतं, अंगावर हिरवी चादर घालायची तेवढी बाकी होती.

तेवढ्यात ट्रॉली आली. सुनंदाबाई, पोळीभाजीच्या ऑर्डरी घेणाऱ्या. हाताला अजून कणीक लागलेली, चेहरा पांढराफटक, बीपी खाली चाललेलं. मागे त्यांचे मिस्टर, पायात दोन वेगळ्या चपला. ट्रॉली आमच्या दारात थांबली, कारण आत टेबल एकच.

डॉक्टर मोऱ्यांकडे वळले. मोरे उठून बसले. रंगवलेला हात कशाला लागू नये म्हणून वर धरला, दुसऱ्या हाताने गाऊन सावरला आणि टेबलावरून खाली उतरले. "घ्या त्यांना," म्हणाले. ट्रॉलीला वाट द्यायला भिंतीला चिकटून उभे राहिले. सुनंदाबाई त्यांच्याकडे बघत बघत आत गेल्या.

नस उघडली, पण खरी पंचाईत पुढेच होती. त्यांना बसेल अशा मापाचा स्टेंट कपाटात एकच होता, आणि त्या बॉक्सवर मी सकाळीच मार्करने "मोरे" लिहिलं होतं. डॉक्टर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "विचारून ये."

मी बाहेर गेले. मोरे बाकावर सुनंदाबाईंच्या मिस्टरांशेजारी बसले होते, हात अजून वरच. मी सगळं सांगितलं. दुसरा स्टेंट ठाण्याहून यायला तीन-चार तास लागतील, हेही सांगितलं. त्या तीन-चार तासांत त्यांचीच नस बंद झाली असती तर?

मोऱ्यांनी विचारलं, "बॉक्सवर माझं नाव लिवलंय, त्यानं काय अडणार नाय ना?"

नाही अडलं. सुनंदाबाईंचं व्यवस्थित झालं. त्यांना घेऊन मंगल सिस्टर वर आयसीयूत गेल्या आणि मोरे अजून बाकावरच, पाण्याचा घोटसुद्धा न घेता. मी दर वीस मिनिटांनी जाऊन त्यांना विचारत होते, "दुखत तर नाही ना?" ते प्रत्येक वेळी मान हलवत होते.

दुपारी अडीचला स्टेंटवाला बाइकवरून आला. मी बॉक्स हातात घेते तोच लॅबचा फोन वाजला. वरून मंगल सिस्टर बोलत होत्या. सुनंदाबाईंना एक वाजताच जेवण दिलं होतं, गोळ्या रिकाम्या पोटी चालणार नव्हत्या, पण बाई ताटाला हात लावायला तयार नव्हत्या. सिस्टरनी नेहमीसारखं ओरडूनही बघितलं होतं. तेव्हा बाईंनी एवढंच विचारलं होतं, "ज्यांचा नंबर होता, त्यांचं झालं का?"

फोनवर सिस्टरचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता.

"मोऱ्यांना घे गं लवकर टेबलावर," त्या म्हणाल्या. "इथे एक बाई जेवायची थांबलीय."